भाराभर चिंध्या, एक धड गोधडी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

गोधडी शिवणं सोपं आहे. जुनी सुती लुगडी घ्यावीत, एकावर एक अंथरावीत, मध्ये चिंध्यांचा थर द्यावा आणि काठापासून धावदोरा घालत सुटावं. ज्याला सदऱ्याचं बटण लावता येतं, त्याला गोधडी येते. खरं तर मार्गदर्शन इथेच संपतं. पण गोधडी शिवणाऱ्याला बहुधा घर असतं, घरात माणसं असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाचं घरातल्या प्रत्येक चिंधीबद्दल काही ना काही मत असतं. इंग्रजी पुस्तकांत टाक्यांची चित्रं असतात, तुकड्यांची मापं असतात. सासूबाईंवर प्रकरण नसतं. ती उणीव इथे भरून काढायची आहे.

मुहूर्त

गोधडी चैत्रात सुरू करावी. यामागे शास्त्र आहे. गावाकडे रब्बीची ज्वारी, हरभरा घरात आलेला असतो, मृगाला अवकाश असतो, रानात फारसं काम नसतं आणि ऊन असं असतं की भिजून मणभर झालेली वाकळ (आमच्या साताऱ्याकडे वाकळच म्हणतात) सकाळी दगडावर टाकली की संध्याकाळी खडखडीत. पहिल्या पावसाच्या गारठ्यात नवी वाकळ अंगावर यायची ती या हिशेबाने.

शहरातल्यांसाठी दुसरंही शास्त्र आहे. बाकीचे महिने कामाचे नाहीत. आषाढ-श्रावणात कापड दमट राहतं आणि दमट कापडाची घडी घातली की कुबट वास येतो. भाद्रपदात गणपती, आश्विनात साफसफाई, दिवाळीत फराळ. थंडीत शिवायला घेतली तर अर्धवट गोधडीच कोणीतरी पांघरून झोपतं, सुईसकट. राहिला चैत्र. चैत्रात फक्त पाडवा, मुलांच्या परीक्षा, चैत्रगौरीचं हळदीकुंकू, वाळवणं, साखरांबा, लग्नसराई आणि आयपीएल एवढंच असतं.

साहित्य

सुई : लांब, जाड आणि मोठ्या नाकाची. घरातले पुरुष मदत म्हणून दाभण आणून देतील. दाभण पोती शिवायला असतं. त्याने कापडाला भोकं पडतात. ते प्रेमाने परत करावं. सुया एकदम डझनभर आणाव्यात, कारण त्या मोडतात, वाकतात आणि हरवतात. हरवलेली सुई सापडेपर्यंत घरात सगळे चपला घालून फिरतात.

अंगुस्तान : पहिल्या दिवशी नको वाटतं. दुसऱ्या दिवशी बोटाच्या टोकाला भोक पडलेलं असतं, मग वाटतं.

दोरा : जाड, सुती, पक्क्या रंगाचा. एका वेळी हातभरच घ्यावा. सारखं ओवायला नको म्हणून तीन हात दोरा घेण्याचा मोह होईल. त्याच्या चौथ्या टाक्याला गाठ बसते आणि ती सोडवताना आपण कोणत्या घराण्यात जन्मलो हे विसरायला होतं. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा एकदा फिरवला तर तो कमी गुंततो.

कात्री : घरात तीन असतात. एक दुधाच्या पिशव्यांची, एक मुलांच्या शाळेची आणि एक तुमची. पंधरा दिवसांत तिन्ही दुधाच्या पिशव्यांच्या होतात.

कापड : इथे घोडं पेंड खातं.

गोधडीला जुनं, सुती, पुष्कळदा धुतलेलं कापड लागतं. नव्या कापडात खळ असते, ते धुतल्यावर आटतं, आणि एक थर आटला नि दुसरा आटला नाही की सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. जॉर्जेट, नायलॉन वगैरे मंडळी एकमेकांवरून घसरतात आणि घाम शोषत नाहीत. होजिअरीचे टी-शर्ट ताणले जातात. जीन्स जाड, तिचे दोन थर आले की सुईने नमस्कार केलाच म्हणून समजा. कापड अजून जिवंत आहे का, हे पाहण्याची सोपी रीत अशी : दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अंगठ्यांनी ताणावं. तडतड आवाज आला तर ते आतल्या थरात जाईल. मुकाट्याने फाटलं तर ओट्यावर मसोतं म्हणून जाईल. टिकलं तर ते वरच्या थराला घ्यावं.

असं कापड पूर्वी घरोघरी पडलेलं असायचं. लुगडं मध्यभागी विरलं की तेवढा भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडत, म्हणजे दंड घालत. दंड घातलेलं विरलं की त्याची लुगडी संपायची आणि दुपटी सुरू व्हायची. आता घरात नऊवारी नेसणारी फार तर एक व्यक्ती असते आणि ती आपली लुगडी मोजून ठेवते. सहावारी सुती साड्याही कपाटात इनमिन चार. अशा परिस्थितीत चैत्र महिन्यात घरातल्या एकेका जुन्या सुती कापडाचे एकाच वेळी किती दावेदार असतात, हे नवशिक्याने आधी समजून घ्यावं.

पहिला दावा वाळवणाचा. गहू तीन दिवस भिजतात, वाटले जातात, चीक निवळतो, आणि चौथ्या दिवशी पहाटे सासूबाई सोऱ्या हातात घेऊन गच्चीवर उभ्या असतात. कुरडया कशावर घालायच्या? जुन्या धोतरावर किंवा पातळावर. प्लास्टिकच्या कागदाचं नाव काढू नये. "प्लास्टिकवर घातलेल्या कुरडईला घाम येतो," असं उत्तर मिळेल आणि त्यात तथ्य आहे. सुती कापड पाणी शोषतं. कुरडई वाळली की कापडाच्या मागच्या बाजूने पाण्याचा हबका मारला की सुटते. म्हणजे गोधडीला जे कापड उत्तम, तेच कुरडईलाही उत्तम. या दाव्याविरुद्ध अपील नाही. फक्त वाळवण संपल्यावर ते कापड आपल्याला मिळावं, अशी मागणी आत्ताच नोंदवून ठेवावी आणि चीक खायला बसल्यावर तिची आठवण करून द्यावी. गरम चिकावर तूप पडलेलं असताना माणूस सहसा नाही म्हणत नाही.

दुसरा दावा नवऱ्याचा. त्याचे सुती शर्ट गोधडीला फार छान. कॉलर झिजलेली, कोपर विरलेली, खिशावर शाईचा डाग, असा शर्ट तुम्ही हातात घेतलात की तो म्हणेल, "अगं, तो घरात घालायला होईल." घरात घालायला ठेवलेले शर्ट आधीच सात असतात, पण हा आकडा काढून वाद जिंकता येत नाही. त्याऐवजी गीज बेंडची गोष्ट सांगावी. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी नवऱ्यांच्या शेतात झिजलेल्या पँटी-शर्टांच्या गोधड्या शिवल्या, आणि २००२ साली त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. आपला शर्टही भिंतीवर जाईल या कल्पनेने तो विरघळतो. त्या गोधड्यांतली एक फार गाजलेली गोधडी मिसूरी पेटवे या बाईंनी १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची केली होती, ही माहिती मात्र शर्ट हातात पडेपर्यंत देऊ नये.

तिसरा दावा बोहारणीचा, आणि खरी प्रतिस्पर्धी तीच. ती साडेअकराला येते, तुमचे हात कणकेत असताना. डोक्यावरची पाटी उतरवून जिन्यात बसते. पाटीत एकात एक घातलेली स्टीलची पातेली, वर एक निळा टब. सासूबाई गाठोडं सोडतात. बोहारीण एकेक कापड दोन्ही हातांनी उजेडात धरते, आरपार बघते आणि बाजूला टाकते. "सुतीला भाव न्हाई, आजी. जरीचं काढा की एखादं." हे ऐकून तुम्हाला आनंद होईल, तो चेहऱ्यावर दिसू देऊ नये. कारण आपल्या पातळाचा अपमान झाला म्हणून सासूबाई आता ते पातळ बोहारणीच्या गळ्यात मारल्याशिवाय उठणार नाहीत. त्यात त्या एक पँट घालतात, मग एक चादर, आणि शेवटी मधल्या आकाराच्या पातेल्यावर सौदा तुटायला येतो. या क्षणी तुम्ही पुढे व्हावं. कोणाच्या तरी वास्तुशांतीत मिळालेली, घडी न मोडलेली जॉर्जेटची साडी आतून आणून गाठोड्यावर ठेवावी आणि सुती पातळ अलगद काढून घ्यावं. बोहारीण खूश, सासूबाईंना पातेलं, तुम्हाला पातळ. ज्यांनी ती साडी दिली ते पुढच्या महिन्यात जेवायला येतील तेव्हा काय नेसायचं, याचा विचार नंतर करावा.

आणि एक कापड असं असतं, जे मागायचं नसतं. सासूबाईंच्या आईचं इरकली लुगडं, टोपपदराचं, ट्रंकेत तळाशी, डांबराच्या गोळीसोबत. सगळ्यात मऊ आणि सगळ्यात चांगलं टिकलेलं कापड तेच असतं. त्याच्याकडे बघूही नये. त्याऐवजी बाजारातून आणलेल्या कसल्याशा छापील कापडाचा वरचा थर अंथरून, त्यांना दिसेल असं, दोन दिवस तसंच ठेवावं. त्या येता-जाता बघतील. पहिल्या दिवशी काही बोलणार नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणतील, "हे असलं टोचरं पोरांच्या अंगाला लावणार होय गं?" तिसऱ्या दिवशी ट्रंकेचं झाकण वाजेल. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात असावं, ही या रीतीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी.

हिशेब

कृतीला हात घालण्याआधी थोडं गणित. नऊवारी म्हणजे ९ वार, २७ फूट. पन्हा साधारण ४ फूट. लांबीत चार घड्या घातल्या की पावणेसात फूट बाय चार फूट, चार पदरांची, एका माणसाला पुरेल अशी गोधडी एकाच लुगड्यात बसते. आपल्या पणज्यांना हे तोंडपाठ होतं. आता इंचाइंचावर एक ओळ धरली तर ४८ ओळी, प्रत्येक ८१ इंचांची. एकूण ३,८८८ इंच, म्हणजे ३२४ फूट शिवण. कुतुबमिनार सुमारे २४० फूट उंच आहे. म्हणजे तळापासून टाके घालत वरपर्यंत जायचं आणि पुन्हा तिसरा हिस्सा खाली उतरायचं. इंचाला दोन टाके धरले तर ७,७७६ टाके. ओळी बोटाबोटावर घेतल्या तर यापेक्षा बरेच जास्त.

हा हिशेब घरात सांगू नये. "एवढ्या वेळात" या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं ऐकावी लागतात.

पूर्वतयारी

सगळी कापडं आधी धुऊन वाळवावीत. इरकलीचा लाल आणि खणाचा जांभळा यांच्यावर विश्वास ठेवू नये : ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा घासून बघावा, रंग लागला तर ते कापड वेगळं दोनतीनदा धुवावं. वैशाखातल्या दुपारच्या उन्हात रंगीत कापड तासन्‌तास ठेवू नये, उडतं; उलटं करून घालावं. गच्चीवर दोरी कोणाची, या विषयावर सोसायटीच्या बैठकीत आधीच चर्चा झालेली असते, तिचं इतिवृत्त वाचून जावं.

बटणं, हुक, चेन, खिसे काढावेत. खिशात सापडलेले पैसे गोधडी निधीत जमा होतात. चिठ्ठ्या वाचू नयेत.

अंथरणं

आता सपाट, मोकळी, सात फूट लांब जागा लागेल. नवशिक्यांपैकी निम्मे इथे थांबतात. बेडरूममध्ये पलंग आहे, स्वयंपाकघरात वाळवणाचे डबे, आणि हॉलमध्ये टीव्हीसमोरची जेवढी म्हणून जागा आहे ती साडेसातनंतर आयपीएलला दिलेली आहे. दासोपंतांनी (१५५१–१६१५) सोळाव्या-सतराव्या शतकात अंबाजोगाईला कापडाच्या पासोडीवर आपलं 'पंचीकरण' लिहून काढलं. ती पासोडी चाळीसेक फूट लांब आहे. त्या ग्रंथातल्या तत्त्वज्ञानावर विद्वानांनी लिहिलं आहे, पण एवढं कापड घरात पसरायला त्यांना कोणी कसं दिलं, यावर अजून संशोधन व्हायला हवं.

हॉल मिळण्याची वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी एक. फरशी पुसून कोरडी झाली की खालचा थर उलटा अंथरावा. चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवावीत : पोळपाट, वरवंटा, इस्त्री आणि दहावीचं गाईड. त्यावर चिंध्यांचा थर, एकावर एक चढू न देता, कडेला कड लावून. मध्येच जाड झालं की तिथे पाठीला टोचतं आणि पुढची पंधरा वर्षं कोणीतरी रोज सकाळी ते बोलून दाखवतं. त्यावर वरचा थर सुलटा. मग हाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारत न्याव्यात आणि लांब-लांब टाक्यांचा कच्चा दोरा घालावा, तोही मधूनच बाहेर. कडेकडून आत आलात तर सगळ्या सुरकुत्या मध्यभागी येऊन जमतात.

कच्चा दोरा एका बैठकीत पुरा करावा. तो अर्ध्यात असताना उठलात की गोधडीवर कोणीतरी बसतंच. लहान मूल असेल तर पालथं झोपतं, मांजर असेल तर बरोबर मध्ये, आणि कोणी नसेल तर नणंदबाई येतात. "अय्या, किती छान अंथरलंय!" म्हणून त्या ऐसपैस मांडी घालतात. कच्चा दोरा नीट घातला असेल तर गोधडी नणंदेसकट ओढून भिंतीशी नेता येते.

शिवणं

कडेपासून सुरुवात करावी. चारी बाजूंनी एक फेरी, मग तिच्या आत दुसरी, अशा चौकोनात चौकोन करत मध्याकडे यावं. किंवा सरळ लांबीत ओळी घालाव्यात. दोन्ही रीती चालतात. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवावी. दोरा ओढताना इतकाच ओढावा की कापड सपाट राहील. राग आलेला असताना शिवू नये. त्या दिवसाच्या ओळी आवळलेल्या येतात आणि धुतल्यावर कोणालाही ओळखू येतात.

पहिल्या ओळी वाकड्या येतील. त्या तशाच राहू द्याव्यात. गोधडी पायाकडून सुरू करावी म्हणजे वाकड्या ओळी पायाशी जातात आणि हात बसल्यानंतरच्या सरळ ओळी तोंडाशी येतात. विद्यापीठातल्या शिवणकाम विभागाला हे पटणार नाही, पण पाहुणे गोधडीचं तोंडाकडचं टोकच बघतात.

आता जमत नाही म्हणून तुम्ही मान मोडून बसलेल्या असताना सासूबाई येऊन समोरच्या कडेला बसतील. लक्ष देऊन बघावं, कारण हे पुस्तकात नाही. त्या मांडी घालत नाहीत. एक पाय लांब सोडतात आणि गोधडीची कड त्या पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरतात. कापड आपोआप ताठ होतं. डावा हात गोधडीच्या खाली जातो. उजव्या हाताने सुई आत घालतात, पण ओढत नाहीत. खालचं बोट सुईचं टोक जाणवलं की तिला वर लोटतं, कापड पुढून सरकत येतं, आणि एका सुईवर चार-पाच टाके चढले की मगच दोरा सर्रकन निघतो. सुई हलत नाही, कापड हलतं. तुम्ही एकेक टाका घालून ओढत एक वीत जाता तोवर त्यांची ओळ दुसऱ्या टोकाला पोचते, आणि मध्ये त्यांनी मुलाला दोनदा हाकही मारलेली असते. एवढं बघितलं की अर्धी विद्या आली. "आई, तुमच्यासारखं जमणार नाही," असं एकदा म्हणावं. ते खरंच असतं, आणि त्यानंतर त्या आणखी तीन ओळी घालतात.

मुलांची परीक्षा आणि गोधडी यांचा मेळ घालता येतो. मूल समोर बसवावं. पाढा म्हणायला लावावा आणि त्याच्या तालावर टाके घालावेत. एकोणतीसचा पाढा चालू असताना ओळ फार संथ आणि सरळ येते. मात्र निबंध पाठ करून घेताना शिवू नये. "माझा आवडता ऋतू" ऐकता ऐकता वसंतात कोकिळा दरवळू लागते, आंब्याचा मोहर गाऊ लागतो, आणि आपण तीन टाके फक्त वरच्या थरातून घालून बसतो.

आयपीएलच्या वेळी शिवण्याबाबत दोन मतं आहेत. माझ्या मते शिवावं. चौकार गेला की सगळे उठतात, तेव्हा गोधडी सरकवून घ्यायला जागा मिळते. अंतिम सामन्याच्या दिवशी मात्र सुई टोचून ठेवून द्यावी आणि गोधडी कपाटात ठेवावी.

हळदीकुंकवाचा दिवस

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत केव्हाही हळदीकुंकू करता येतं, आणि ते नेमकं गोधडी मधोमध आलेली असताना होतं. गौर झोपाळ्यावर बसते, तिच्यापुढे कलिंगडाची कमळं आणि करंज्यांची आरास लागते, कैरी घातलेली डाळ वाटली जाते. हॉल रिकामा करण्याचं फर्मान निघतं. गोधडी गुंडाळून पलंगाखाली सरकवावी, असं सगळे सुचवतील. तसं करू नये. ती भिंतीशी चौघडी घालून ठेवावी आणि वर एक स्वच्छ चादर पसरावी. येणाऱ्या बायका त्यावरच बसतात. बसल्या की चादरीचा कोपरा उचलून बघतात. मग, "हे काय, वाकळ का? कोणी शिवली?" आणि पन्ह्याचा पेला हातात धरून तासभर चर्चा चालते. तळमजल्यावरच्या आजी टाके मोजतात. एखादी सांगते की तिच्या आईकडे गोधडी शिवणाऱ्या बाई यायच्या, ओसरीवर बसून तीन दिवसांत दोन शिवून द्यायच्या, दुपारी भाकरी नि रात्री शिधा. दुसरी सांगते की आता ऑनलाइन हजारांनी किमती आहेत. तिसरी काही बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात एक पिशवी ठेवून जाते. आत दोन सुती साड्या असतात. हळदीकुंकवाचं खरं वाण ते.

गोधडीवर हळद सांडतेच. तिला साबण लावला की डाग लालभडक होतो. घाबरू नये, धुऊन उन्हात टाकलं की फिका पडत जातो. पन्ह्याचा डाग लगेच पाण्याने पुसावा, नाहीतर मुंग्या पुढचं काम हाती घेतात.

कोपरे

चारी कडांना गोट लावला की गोधडी संपली, असं आपल्याला वाटतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांना तसं वाटत नाही. त्या गोधडीच्या कोपऱ्यांवर कापडाची घड्या घातलेली छोटी फुलं लावतात. त्याशिवाय गोधडी त्यांना नागडी वाटते. मी ही रीत उचलली आहे आणि तुम्हीही उचलावी. उरलेल्या चिंध्या संपतात हा एक फायदा. शिवाय अंधारात कोपरा हाताला लागतो, त्यामुळे आडवी की उभी हा भाऊ-बहिणीतला जुना वाद मिटतो.

शंका-समाधान

मशीनवर शिवली तर? शिवावी, लवकर होते. टीप पक्की येते, पण गोधडी थोडी कडक होते, आणि मशीनच्या गळ्याखालून चार पदरांचं भेंडोळं ढकलताना दोन माणसं लागतात. घरात ढकलायला तयार असा दुसरा माणूस असेल, तर तुमचं घर मार्गदर्शनाच्या पलीकडे गेलेलं आहे.

नवं कापड आणून, त्याचे तुकडे करून, ते पुन्हा जोडून केली तर? हल्ली पुष्कळ जण करतात, रंगसंगती फार सुरेख साधते, त्यात कौशल्यही मोठं लागतं. माझं मत विचाराल तर ती रजई. गोधडीत निदान एक तुकडा असा हवा की जेवताना कोणीतरी एकदम घास थांबवून म्हणेल, "अरे, हा माझा शाळेचा शर्ट!"

नातेवाइकांनी दुपट्याची मागणी केली तर? नणंदेच्या जावेच्या भाचीला दिवस गेले की ती येतेच. नाही म्हणू नये. तीन फूट चौरस दुपटं दोन-तीन दुपारांत होतं. फक्त अट घालावी : कापड तुमचं. बाळाला जुनंच कापड लागतं, शंभरदा धुतलेलं, गाठी आत लपवलेलं. बहुतेक जणांकडे आता असं कापड नसतं, त्यामुळे मागणी आपोआप मागे पडते. ज्यांच्याकडे असतं, त्यांच्याकडून थोडं जास्तच मागून घ्यावं.

गोधडी कोणाला द्यावी? हा प्रश्न शिवताना कोणी विचारत नाही. १ मेला निकाल लागतात, मुलं रिकामी होतात, आणि एका दुपारी पंखा फुल असूनही नवी गोधडी अंगावर घेऊन कोणीतरी झोपलेलं सापडतं. मग दुसऱ्यालाही हवी असते. नवऱ्याचं म्हणणं, त्याचे तीन शर्ट त्यात गेलेत. सासूबाईंचं म्हणणं काहीच नसतं, पण वरचा थर त्यांच्या आईचा असतो. उपाय एकच, दुसरी शिवायला घ्यावी. कापड?

तर वाचकांना विनंती. तुमच्या घरी एखादं जुनं सुती लुगडं, धोतर किंवा पातळ निघालं असेल, दंड घातलेलं असलं तरी चालेल, तर ते बोहारणीला दाखवण्याआधी शेजारीपाजारी कोण गोधडी शिवतं त्याची चौकशी करा आणि त्यांना द्या. मृगाला अजून वेळ आहे. पातेलं हवं असेल तर पातेलंही मिळेल. मधल्या आकाराचं एक आमच्याकडे नुकतंच आलं आहे.